काठापर्यंत नेलेली चांदी

माझ्या फजित्या मी चवीने सांगतो. मुलगी बघायला म्हणून शेजारच्याच घरात शिरून पोहे खाऊन आलो, हा किस्सा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत अजून मागून मागून ऐकतात. ही गोष्ट मात्र कोणी मागत नाही. ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी तेव्हा तिथेच होत्या.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं युनिट आहे. आम्ही बोटाएवढ्या सिरॅमिकच्या पट्ट्या बनवतो. दोन्ही अंगांना चांदीचा पातळ थर छापलेला असतो. वीज दिली की पट्टी किंचित वाकते आणि घाटावरच्या गिऱ्हाईकाच्या विणकाम यंत्रात तेवढ्यावर सुई उचलली जाते. त्या चांदीच्या थराला इलेक्ट्रोड म्हणतात. तो कुठून कुठवर छापायचा हे ठरवणारा शहाणा म्हणजे मी.

आधी चांदी काठाच्या थोडी आत थांबायची. एका फेब्रुवारीत माझ्या डोक्यात आलं, एवढी जागा फुकट का घालवा? काठापर्यंत नेली. पट्टी जास्त वाकायला लागली. मालकांनी पेढे आणले, आणि नव्या ड्रॉइंगवर मी सही अशी ठोकली की कागद फाटायचा तेवढा राहिला.

जूनमध्ये पट्ट्या मरायला लागल्या. माल पाठवण्याआधी आम्ही तो दोन दिवस व्होल्टेजवर ठेवतो. काढून बघावं तर प्रत्येक ट्रेमध्ये तीन-चार शॉर्ट. दारं फुगलेली, चपलांना बुरशी, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेलं. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना साहेब, म्हणजे मीच, कारण शोधत होते माणसांच्या हातांत.

पट्ट्यांना तारा जोडायला एक काकी होत्या. मुंबईची नोकरी सोडून नवरा किडनीचं दुखणं घेऊन घरी आलेला. घर काकींच्या पगारावर चालतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हाताला घाम फार यायचा. मांडीवर कायम एक रुमाल. घामात मीठ आणि मीठ विजेचा वैरी, एवढं ज्ञान मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून होतं. मी त्याच्यावरच थांबलो.

"काकी, फार घाम येतो तुम्हाला."

"लग्नात पण येत होता ओ. पाणिग्रहणाला भटजींनी दोनदा हात पुसून घेतला."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हातमोजे दिले. पट्ट्या मरतच राहिल्या.

एकदा त्यांनी मला आपल्या टेबलावरच्या भिंगापाशी बोलावलं.

"साहेब, हे बगा. काठावर काळी शीर आहे. मेलेल्या सगळ्या पट्ट्यांना इथंच."

"घामाचीच असणार."

"मी हात नाय लावला त्यांना पण आहे." मग म्हणाल्या, "आंब्याची साठं घालताना आम्ही रस ताटाच्या काठापर्यंत नाय नेत. दोन बोटं जागा सोडतो. काठाला लागला की खालून मुंग्यांची रांग चढते. तुम्ही चांदी काठाला कशाला नेलीत?"

माझ्या ड्रॉइंगला साठांचं ताट! मी म्हटलं, "काकी, चांदीला मुंग्या लागल्या की सांगा, हळद टाकू."

पुन्हा हशा. या वेळी काकी हसल्या नाहीत. भिंग बाजूला सारून कामाला लागल्या.

मग मी शास्त्रीय प्रयोग केला. काकींना तीन दिवस पॅकिंगला बसवलं. नेमक्या त्याच तीन दिवसांत पावसाने उघडीप दिली. कडक ऊन पडलं, खिडक्या उघडल्या, आणि पट्टी मेली फक्त एक. मी आलेख काढला, रंगीत. उन्हासाठी त्यात रकाना नव्हता.

मालकांनी विचारलं, "नक्की ना?"

"हा घ्या पुरावा," मी म्हणालो.

शनिवारी काकींना सांगितलं गेलं, सोमवारपासून येऊ नका. त्या माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब, तुम्ही एकदा बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतात."

"बोलतो," मी म्हणालो. माझं बोलून झालेलं होतं.

पाऊस परतला तशा पट्ट्याही मरायला लागल्या. मी म्हटलं, हा काकींच्या हातचा जुना माल. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली आणि सगळं आपोआप सुधारलं. दिवाळीला मालकांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा ट्रेमध्ये तीन-चार. आता हात कोणाचे? मायक्रोस्कोप झाकून ठेवला होता, तो उघडला. काठावर ओलाव्याचा पापुद्रा होता, आणि एका अंगाची चांदी विजेच्या ओढीने त्यातून दुसऱ्या अंगाकडे शेवाळासारखी फांद्या काढत निघाली होती. दोन फांद्या भेटल्या की पट्टी खलास. मी चांदी काठापासून आत घेतली. वाकणं थोडं कमी झालं. भर पावसात पट्ट्या जगल्या.

मालक म्हणाले, "बोलवा की त्यांना परत." मी गेलो.

काकी ओट्यावर बसल्या होत्या. आमच्याकडचं काम सुटल्यावर त्या वसाहतीतल्या दोन युनिटांत गेल्या होत्या. दोन्हीकडून आमच्याकडे फोन आला, आणि आमच्याकडून उत्तर गेलं, हात खराब आहेत. तेव्हापासून त्या कोळंबी सोलायला जात होत्या. दिवसभर बर्फात.

"कारण काय निघालं ओ?" त्यांनी विचारलं.

"हवा."

"हवा गेल्या वर्षी पण होती."

आतून नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता. मी म्हणालो, "चांदी मी काठापर्यंत नेली होती. तुम्ही सांगितलं होतंत."

"मग लिहून द्या. माझे हात खराब नव्हते, एवढं."

मी वहीतलं पान फाडून लिहिलं. त्यांनी वाचलं. "चांदीचं कुठाय?" तेही लिहिलं. खाली सही केली, या वेळी हलक्या हाताने. कंपनीच्या कागदावर नाही, शिक्का नाही. कुठल्याही गेटवर ते चालणार नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"सोमवारपासून या," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केले. बोटांची टोकं पांढरी, फुगलेली, नखांच्या कडा सुटलेल्या. "तार बोटाला लागत नाय आता. चहाचा पेला पण गरम आहे की गार, ओठाला लावल्यावर कळतं. ह्या हातांनी जोडायला बसले ना साहेब, तर खरंच माल खराब होईल."

कारखान्यात आल्यावर नव्या ड्रॉइंगवर बदलाचं कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'आर्द्रता'. मालकांनी वाचून मान डोलावली.