हाजी सहरानची टेकडी

आमचा बंजारमासिनकडचा मुलूख इतका सपाट, की टेकडी म्हणजे काय हे पोरांना तांदळाची रास दाखवून सांगावं लागतं. अशा मुलखात हाजी सहरानच्या दुरियानबागेत, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळांच्या बागेत, एके दिवशी टेकडी उगवली. उगवली तीही त्याच्याच लेकीच्या हातून.

ती जुमियाती. लहानपणी चहा सांडला तर फडकं आणायचं सोडून ओघळ फळीवरून कुठे जातो ते बघत बसायची आणि आईचा धपाटा खायची. पुढे पाटबंधारे खात्यात लागली आणि त्याच उद्योगाचा पगार घेऊ लागली. उपग्रहाने मोजलेली उंची चौकटी-चौकटींनी कॉम्प्युटरला द्यायची. तो प्रत्येक चौकटीतलं पाणी शेजारच्या सखल चौकटीत ढकलतो, आणि पाणी गोळा होईल तिथे निळी रेघ उमटते. झाली नदी!

आमच्या गावची रेघ मात्र बागेपाशी येऊन, समोर टेकडी असल्यासारखी, बिचकली आणि वळसा घालून शेजारच्या गावात शिरली. जुमियातीने नकाशा तसाच घरी आणला.

तिची आई मस्तोरा किंचाळलीच, "अगं, बागेतला माझा ओढा कुठे गेला?"

मस्तोरा त्या ओढ्यातून होडी हाकत तरंगत्या बाजारात वादाई विकायला जायची. गोड वड्या, पानात उकडलेला भात. ओढा गाळाने भरला होता, होडी रुतायची. आणि नकाशावर असेल तोच ओढा खात्याचं यंत्र उपसणार होतं.

जुमियाती ओशाळली. "उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसले, गं. तो त्यांनाच जमीन समजला. झाडांची उंची वजा केली की ओढा परत येईल."

पण हाजीला टेकडी आवडली होती! कॉफीच्या टपरीवर लोक त्याला 'टेकडीवाले हाजी' म्हणू लागले होते. हा गडी स्वतःच्या सपाट बागेत चालताना धापा टाकायला लागला. "चढ आहे ना," म्हणायचा.

गावसभेला खात्याचे साहेब आले. त्यांनी विचारलं, "हाजी, बाग तुमची. तिथे ओढा आहे की टेकडी?"

"टेकडी! पाणी कधी टेकडी चढतं का?"

मस्तोराने दात-ओठ खाल्ले. "अहो हाजी, तुमची लुंगी त्याच ओढ्यात धुते मी!"

जुमियाती शांतपणे उठली. "साहेब, माझ्या अबाहचं, म्हणजे वडिलांचं, खरं धरा. उपग्रहाने मोजली ती सगळी उंची टेकडीची. मग झाडांना काय उरतं? लिहा, बागेत दुरियानची झुडपं आहेत. गुडघ्याएवढी."

"झुडपं?" हाजी ताडकन उभा राहिला. "माझ्या आजाने लावलेली झाडं आहेत ती! मशिदीच्या मिनारापेक्षा उंच! साऱ्या गावाला विचारा!"

"मिनारापेक्षा?" जुमियातीने पेन्सिल कानामागून काढली. "मग अबाह, खाली टेकडी किती उरली?"

हाजीने बोटांवर हिशोब केला आणि खाली बसला. सभेला कॉफी घेऊन आलेला टपरीवाला इतका हसला की हातातली कपबशी फुटली.

यंत्र आलं, गाळ निघाला. आता मस्तोराची होडी बागेतून सुळकन जाते, आणि जाताना ती न चुकता ओरडते, "काय हो हाजी, लागला का चढ?"

लागतो. सवय जडली ना, अजून धापा टाकतो बिचारा. जुमियाती म्हणते, धापांतून टेकडी वजा करून पाहिली, तर उरलं ते सगळं पोट निघालं.