रविवारची खरखर

"विजू, गाडी तुह्या दुकानात आली की बरी, अन् माह्या घरी गेली की बिमार. हे काय लफडं आहे?"

देवराव काकाजी सौंसरला माझ्या दुकानासमोर उभे होते. रामाकोन्याला त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. गाडी नवी, रेडिओ कंपनीचाच. तक्रार एकच, रविवारी सकाळी नागपूर लावलं की नुसती खरखर. मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. वायरिंग, स्टिरिओ, हॉर्न, सगळं. मी रेडिओ लावला. नागपूर एकदम साफ.

"पाहा, वाजून राहिला ना?"

"आता वाजून राहिला. रविवारी काऊन नाही वाजत?"

"रविवारीच काऊन पाहिजे तुम्हाले?"

तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. त्यांची रुपाली नागपूरला रेडिओवर लागली होती. पक्की नाही, प्रोग्रामपुरती बोलावतात. रविवारी सकाळी तिचा प्रोग्राम असतो. घरी रेडिओ नाही. शेतात फोन लागतो, पण इंटरनेट गोगलगाय. म्हणून काकाजी आणि लीलाकाकू अंगणात गाडीत बसून रेडिओ लावतात. बाकी दिवस त्याला कोणी हात लावत नाही.

"प्रोग्राम संपला की तिचा फोन येते," काकाजी हळू आवाजात म्हणाले. "बाबा, कसं झालं? मी म्हणतो, एक नंबर. ऐकू तर काहीच येत नाही. पोरीशी खोटं बोलून राहिलो मी. या कामाले मीच नाही म्हणत होतो ना. आता खरखर सांगितली, तर तिले वाटन बाप बहाणे करून राहिला."

मग ते एकदम म्हणाले, "माह्या साळ्याचा पोरगा अमेरिकेत रायते. तो म्हणते सॅटेलाइट रेडिओ लावून घ्या. तेच लावून दे."

मी समजावलं. तो रेडिओ उपग्रहावरून येतो, आणि आपल्याकडे ती सेवा कधीचीच बंद झाली. आता अँटेना कितीही भारी लावा, वरून कोणी बोलतच नाही तर ऐकणार काय? आणि रुपाली बोलते ती एफएमवर. एफएमची लहर टॉवरवरून जवळपास सरळ रेषेत येते. नागपूर ते रामाकोना म्हणजे ती येता येता दमते. गाडीच्या छतावर माशाच्या परासारखा तुकडा असतो, त्याला आम्ही फिन म्हणतो. अँटेना त्यात असते. दमलेला सिग्नल तीच पकडते. तिथे जरा काही बिघडलं की खरखर.

म्हणून मी फिनपासून सुरुवात केली. खोलून पाहिली, बुडाशी गंज नाही. अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडलेली वायर, घट्ट. तरी पांढुर्ण्याहून बूस्टर आणून बसवला. बूस्टर कमजोर सिग्नलला जोर देतो. मग काकाजींना शेजारी बसवून मीच गाडी त्यांच्या अंगणापर्यंत नेली. रस्ताभर रेडिओ साफ. अंगणातही साफ. मी चहा पिऊन आलो.

रविवारी फोन. "विजू, खरखर."

मला राग आला. माझाही धंदा आहे. चार लोकांत काकाजींनी सांगितलं की विजूला रेडिओ जमत नाही, तर उद्या हॉर्न लावायला कोण येईल? पण रेडिओला वार कळत नाही हेही खरं. रविवारी त्या अंगणात काहीतरी वेगळं होत असणार. पुढच्या रविवारी मी सकाळीच रामाकोन्याला जाऊन धडकलो.

काकाजी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून गाडीत बसले होते. लीलाकाकू हळदीकुंकवाची ताटली घेऊन आल्या. गाडीला कुंकू लावलं. मग गाडीच्या दाराखालच्या पायरीवर चढल्या आणि जरीचा एक पट्टा फिनला गुंडाळू लागल्या, वेढ्यावर वेढे. वर घट्ट गाठ.

"काकू, हे काय जी?"

"माह्या लग्नातल्या शालूचा काठ आहे. खरी जर. देवीपुढं ठेवतो, रविवारी बांधतो. पोरीचा आवाज इथूनच येते म्हणतेत ना? तिच्या आवाजाले नजर नाही लागली पाहिजे. प्रोग्राम झाला की सोडून ठेवतो."

मी काकाजींकडे पाहिलं. "हे सांगितलं काऊन नाही मले?"

"यात काय सांगाचं? हे तर दर रविवारचंच आहे."

खरी जर म्हणजे धातूची तार. काकूंनी अँटेनाला धातूची कोठडी केली होती. आधीच दमलेला सिग्नल आत शिरणार कसा?

मी हे सांगितलं तशा काकू पायरीवरच बसल्या. "म्हणजे इतके दिवस मीच पोरीचं तोंड बांधून ठेवलं?" त्यांचे डोळे भरले. मलाही वाईट वाटलं. "नाही काकू," मी म्हणालो, "नजर तर कुठं लागली? फक्त जागा बदला. स्टेअरिंगले बांधा. देवीले तिथूनही दिसते."

काठ सुटला. गाठ काकाजींनीच सोडली. आम्ही तिघंही गाडीत बसलो. रेडिओ लावला आणि रुपालीच गाडीत येऊन बसली म्हणा ना. कापसाच्या वेचणीवर बोलत होती, झरझर, हसत. काकू काठ मांडीवर धरून ऐकत होत्या. काकाजी रेडिओकडे असे पाहत होते की मीच गाडीतून उतरून संत्र्याच्या झाडाखाली उभा राहिलो.

प्रोग्राम संपला. फोन वाजला. काकाजींनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, कसं झालं?"

"बरं झालं. पण वेचणीचं सांगता सांगता अडखळली तू. अन् शेवटी लय घाई केली."

मला वाटलं, आता पोरगी रुसते.

"बाबा," ती म्हणाली, आवाज ओला झाला होता, "आज खरंच ऐकलं तुम्ही."

तेव्हापासून माझा एक नियम आहे. रेडिओची तक्रार आली की स्क्रू ड्रायव्हर नंतर काढतो. आधी विचारतो, घरात गाडीची पूजा कोण करते?