केळीच्या पानाचं निशाण

मराठी व्याकरण वेळापत्रकाबरहुकूम चालवून दाखवणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आईचा मामा होता. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो. आयुष्यभर रेल्वेत गार्ड म्हणून काढून ते लोणावळ्याला स्थायिक झाले, पण गार्डपण काही सुटलं नाही. शिट्टी गळ्यात, निशाणं काखेत. मामीआजी बाजाराला निघाली तरी अंगणातून हिरवं निशाण हलल्याशिवाय तिला पायरी उतरायची सोय नव्हती.

हिवतापाने माझं शाळेचं वर्ष बुडालं तेव्हा हवापालटासाठी मला त्यांच्याकडे ठेवलं. वडिलांनी पत्रात स्पष्टच लिहिलं होतं : तळेगावच्या शाळेची प्रवेशपरीक्षा पास झाली तर पुढे शिकवीन, नाहीतर शिकणं पुरे. बाकीचे विषय मला बरे येत. व्याकरणात मात्र माझं डोकं यार्डातच उभं असे. मामाआजोबांनी पत्राची घडी करून ती व्याकरणाच्या पुस्तकात ठेवली. म्हणाले, "मी आजवर एकही गाडी वाटेत सोडून घरी आलेलो नाही. हीसुद्धा पोहोचवीन."

दुसऱ्या दिवसापासून पडवीत शाळा भरली. आठ वाजून दहा मिनिटांनी शिट्टी, मग हिरवं निशाण, मग मी तोंड उघडायचं. त्याआधी उघडलं तर धडा पुन्हा पहिल्यापासून. चुकलं की लाल निशाण. सर्वनामापाशी पाणी, क्रियापदापाशी चहा. समास आले तेव्हा ते एकदम गंभीर झाले. "हा खंडाळ्याचा घाट. मागून इंजिन लावावं लागणार." मागचं इंजिन म्हणजे मामीआजी. ती माझ्या पाठीशी तांदूळ निवडत बसायची आणि मी अडखळले की कोपराने ढोसायची. "अहो, तिला कळत नाहीये," ती एकदा म्हणाली. "इंजिनानं बोलायचं नसतं!" "मग इंजिन आज भातही लावणार नाही." त्या दिवशी घाट लवकर आटोपला.

भुशीहून दूध घेऊन येणारी ठकूबाई उंबऱ्याशी टेकून हे सगळं बघायची. "आबा, पोर हाय ती, मालगाडी न्हाई. किती डबं जोडताय?"

"मालगाडी नव्हे, ही मेल आहे, मेल!"

"मंग लाल फडकं कशापायी हलवताय सारखं? हितंच म्हातारी व्हईल की तुमची मेल."

परीक्षेच्या दिवशी मामीआजीने शिट्टी आणि निशाणं कपाटात घालून कुलूप लावलं. "शाळेत तमाशा नको," म्हणून केळीच्या पानात बांधलेल्या दशम्या तेवढ्या त्यांच्या हाती दिल्या. मी वर्गात शिरले, ते आवारात झाडाखाली थांबले. मास्तर म्हणाले, "करा सुरू." सगळ्यांचे टाक कुरकुरू लागले. माझा दौतीवरच थांबला.

"काय गं, येत नाही?"

"येतं."

"मग लिही की!"

"अजून निशाण झालं नाही," मी म्हणाले. वर्ग खो खो हसला. मला रडू फुटलं. सगळं येत होतं, पण हात म्हणून हलेना.

मामाआजोबांनी खिडकीतून ते पाहिलं. त्यांचा हात सवयीने काखेत गेला आणि रिकामा बाहेर आला. मग त्या म्हाताऱ्या माणसाने भर आवारात शिदोरी सोडली. दशम्या धुळीत पडल्या, आणि मामाआजोबांच्या डोक्यावर ते हिरवंगार पान संथपणे, अगदी नियमाप्रमाणे, इकडून तिकडे हलू लागलं. मी टाक बुडवला. पार समास ओलांडेपर्यंत कुठेही थांबले नाही.

परतीच्या गाडीत आम्ही दोघंही उपाशी. "सात मिनिटं उशिरा सुटलीस," ते म्हणाले. "घाटात भरून काढलीस ना?"

मी पास झाले, शिकले, पुढे इतरांना शिकवूही लागले. मामाआजोबांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. अजूनही कोरा कागद पुढ्यात घेतला की मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसते. मुलांना वाटतं, आईला काही सुचत नाहीये.

सुचलेलं असतं सगळं.