रिकाम्या चढाया

मला कबड्डीतलं काही कळत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं आहे. सात वर्षं मी डाव्या कोपऱ्यावर खेळले. विद्यापीठाच्या संघाची दोन वर्षं कर्णधार होते. चढाईला आलेल्या भल्याभल्या पोरींचे घोटे धरून मी त्यांना मातीत लोळवलंय. हे आमच्या ह्यांना ठाऊक नाही असं नाही. लग्न ठरताना जो कागद इकडून तिकडे गेला होता, त्यात या सगळ्याचं 'खेळाची आवड' असं दोन शब्दांत लोणचं घातलेलं होतं. ह्यांनी तेवढंच वाचलं आणि तेवढंच लक्षात ठेवलं.

तर त्या शुक्रवारी आमच्या साल्मियाच्या घरात तीन शहाणे बसले होते. एक आमचे हे, रिफायनरीत पंप कधी बंद पडतील याचा हिशेब ठेवणारे इंजिनिअर. दुसरे कुवेत सिटीतल्या एका बँकेतले गृहस्थ. ते भारतातली ती मोठी कबड्डी लीग टीव्हीवर न चुकता बघतात आणि तेवढ्या भांडवलावर सगळ्या संघांचे मामा असल्यासारखे बोलतात. तिसरे अर्दियाचे गोदामवाले शेठ. एसीच्या डक्टचा त्यांचा धंदा, आणि इथल्या मराठी मंडळींच्या स्पर्धेत त्यांच्या मालकीचा एक संघ. दरवर्षी ते गावाकडून एखादा चांगला खेळाडू बघतात आणि त्याला गोदामात टाइमकीपरचा व्हिसा देतात. पोरगा सहा दिवस हजेऱ्या मांडतो आणि शुक्रवारी शेठसाठी खेळतो. इथे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

या तिघांपुढे त्या दिवशी माझ्या भाच्याचं आयुष्य होतं, पोह्यांच्या बशीशेजारी.

भाचा म्हणजे सांगलीच्या माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. कॉलेजचं शेवटचं वर्ष, संघाचा मुख्य चढाईपटू. त्याला एकाच आठवड्यात दोन बोलावणी आली होती. त्या मोठ्या लीगमधल्या एका संघाने निवड शिबिराला बोलावलं होतं, सोमवारपासून. तिथे नजरेत भरला तर राखीव खेळाडू म्हणून घेणार होते. आणि इकडे शेठ व्हिसा द्यायला तयार होते, पण व्हिसासाठीची मेडिकल मुंबईत त्याच सोमवारी होती. शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसरा पोरगा तयार आहे, असं शेठनी सांगून टाकलेलं. दादा बिचारा गोंधळला. त्याने मला फोन केला, "तुमच्या तिथं एवढी शिकली-सवरलेली माणसं आहेत गं. पोरगं खरंच त्या लीगच्या लायकीचं आहे का, तेवढं बघून सांगा की. तुम्ही म्हणाल तसं करू."

मी इथे आहे, हे त्याला सुचलं नाही. ज्या भावाच्या सायकलवर डबलसीट बसून मी सरावाला जात होते, त्यालासुद्धा नाही.

दादाने तीन सामन्यांचे व्हिडिओ पाठवले होते. ह्यांनी ते दोन दिवस ऑफिसातून आल्यावर बघितले आणि एक्सेलमध्ये तक्ता केला. गुण आणलेल्या चढाया हिरव्या, बाद झालेल्या पिवळ्या आणि हात हलवत परत आलेल्या, म्हणजे रिकाम्या, लाल. लाल रंग निम्म्याहून जास्त होता.

"युटिलायझेशन फार कमी आहे," हे म्हणाले. "निम्मा वेळ मशीन नुसतं फिरतंय, आउटपुट नाही."

"अहो, तो माणूस आहे," मी म्हटलं.

"तत्त्व तेच असतं गं. चहा टाकतेस का जरा?"

टाकला चहा. काय करणार! स्वयंपाकघरातून ऐकत होते. बँकवाले सांगत होते, त्या संघाकडे आधीच दोन उजवे चढाईपटू आहेत, त्यांना डावा हवाय, शिवाय त्यांच्या प्रशिक्षकाला उंच पोरं लागतात, हा तिथे बसणार नाही. जणू प्रशिक्षक काल रात्री यांच्याकडे जेवायला होता. या माणसाला मी एकदा इथल्या सहलीत खेळताना बघितलंय. मध्यरेषेपासून तीन पावलांवर त्यांचा दम संपला होता आणि कोणी शिवायच्या आधीच ते खाली बसले होते.

शेठ फारसं बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, "लीगच्या लेव्हलचा नाही, हे बरोबर. पण आमच्या संघात अगदी फिट्ट बसेल."

मी कप ठेवता ठेवता विचारलं, "लीगला चालत नाही, तर तुम्हाला एवढा कशाला हवाय, शेठ?"

"वहिनी, आपल्या घरचा मुलगा आहे. त्याचं भलं व्हावं, एवढंच."

भलं! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. शेठना तो हवा होता, म्हणून तो वाईट ठरायला हवा होता. बाकीच्या दोघांना हे दिसतही नव्हतं. ते प्रामाणिकपणे मूर्ख होते. शेठ मूर्ख नव्हते, एवढाच काय तो फरक.

आणि लाल रंगाचं म्हणाल, तर शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट होती. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणून आघाडीवर असलेला संघ पहिल्या दोन चढायांत मुद्दाम वेळ काढतो. आत जायचं, तीस सेकंद समोरच्यांना नाचवायचं आणि अंगाला हात न लावू देता परत यायचं. रिकामं परत येणं हेच तिथे काम असतं. त्यासाठी गुणाच्या चढाईपेक्षा जास्त डोकं लागतं, आणि पाय तर लागतातच. आमच्या ह्यांनी पोराचं सगळ्यात चांगलं काम लाल रंगाने रंगवून ठेवलं होतं.

दोघं पाहुणे गेल्यावर, पाचच्या सुमारास, मी मुलीचा टॅब मागितला. ती इथेच जन्मली आणि इथेच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते.

"स्लो कर," मी म्हटलं. "अजून स्लो."

"आई, व्हॉट आर यू इव्हन लुकिंग अॅट?"

पाय. मी पाय बघत होते. कोपऱ्यावर खेळणारी पोरगी चढाईपटूचा चेहरा बघत नाही, हात बघत नाही. त्याचं वजन कुठल्या पायावर आहे तेवढं बघते, कारण घोटा तोच धरायचा असतो. मी व्हिडिओ लावला तो त्या तिघांची तोंडं बंद करायला. लाल चढाया एकेक बघितल्या आणि मला अभिमानाने हसू येत होतं. काय सुंदर खेळत होतं पोरगं! कर्णधाराने मूठ दाखवली की हा वेळ काढायचा, बोट दाखवलं की बोनसचा गुण आणायचा. एकदाही चुकला नाही.

मग दुसऱ्या सामन्यात माझं हसू गेलं. परत फिरताना तो दर वेळी डाव्या पायावर वळत होता. उजव्यावर वळणं सोपं असेल तिथेही डाव्यावर, एक जास्तीचं पाऊल टाकून. मी पहिला सामना परत लावला. तिसरा लावला. तिन्हीत एकदाही त्याने उजव्या पायावर जोर घेतला नव्हता.

हे मला ओळखीचं होतं, कारण हेच मी केलं होतं. शेवटच्या वर्षी माझा गुडघा आतून सटकला. मी कोणाला सांगितलं नाही. घट्ट पट्टी बांधून, वर लांब मोजा ओढून तीन सामने खेळले, आणि तिसऱ्यात तो असा मोडला की पुन्हा कधी मैदानात उतरले नाही. इथे एसी जास्त झाला की अजून ठणकतो.

मी तेव्हाच फोन उचलून भाच्याला लावायला हवा होता. संध्याकाळभर मला वेळ होता. फोन माझ्या हातात होता. पण माझ्या मनात भाचा नव्हताच, खोटं कशाला बोलू? माझ्या मनात त्या तिघांची तोंडं होती. उद्या कशी उतरतात, ते मला बघायचं होतं.

शनिवारी सकाळी सगळे अर्दियाला शेठच्या गोदामात जमले. तिथे डक्टच्या रॅकांच्या मध्ये मॅट अंथरलेले असतात, संघाचा सराव तिथेच चालतो. मी मिसळीचा डबा घेऊन गेले, कारण बाईला तिथे जायला डबा लागतो. दादाला स्पीकरवर घेतलं. भाचाही शेजारी बसलाय, असं दादा म्हणाला. ह्यांनी लॅपटॉप उघडून अहवाल वाचला. युटिलायझेशन वाचलं. बँकवाल्यांनी डावे-उजवे सांगितलं. शेठ हात बांधून उभे होते, तोंडावर लग्नघरच्या यजमानाचं हसू.

"म्हणजे पोरगं कामाचं नाही म्हणता?" दादाचा आवाज एकदम म्हातारा झाला.

"लीगच्या नाही," हे म्हणाले. "डेटा स्पष्ट आहे."

मग मी सुटले. "दादा, यांचं काडीचंही ऐकू नकोस. यांना कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही!" आणि मी त्या गोदामात उभं राहून एकेक लाल चढाई सोलून दाखवली. स्कोअर काय होता, वेळ किती उरली होती, कर्णधाराची मूठ कधी वर गेली, सगळं. बँकवाले मिसळीत फरसाण मोजायला लागले. ह्यांनी लॅपटॉप अर्धा मिटला. संघातली चार पोरं सराव थांबवून ऐकत होती, त्यातला एकजण म्हणाला, "वहिनी, जबरदस्त!" कितीतरी वर्षांनी मला मैदानात असल्यासारखं वाटलं. तिथे थांबले असते तर.

पण जीभ गप्प बसते होय! "आणि खरी गोष्ट तर या शहाण्यांना दिसलीच नाही," मी म्हटलं. "तीन सामने बघितले दोन दिवस, आणि पोराचे पाय नाही बघितले. उजवा गुडघा दुखावलाय त्याचा. लपवतोय तो. डोळे असते तर दिसलं असतं!"

फोनमधून पंख्याचा आवाज येत होता.

"काय गं म्हणतेस?" दादा म्हणाला. मग तिकडेच वळून, "काय रे? खरं आहे हे?"

भाच्याचा आवाज आला. "आत्या," एवढंच म्हणाला तो.

शेठनी दोन मिनिटं घेतली नाहीत. बाजूला जाऊन त्यांनी मंदूबला, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला फोन लावला आणि व्हिसा थांबवायला सांगितलं. परत येऊन म्हणाले, "वहिनी, बरं झालं तुम्ही सांगितलंत. गोदामात दिवसभर उभं राहावं लागतं हो." घरचा मुलगा एका वाक्यात परका झाला. मला त्या माणसाची इतकी किळस आली की मी डबा तिथेच टाकून गाडीत जाऊन बसले.

सोमवारी दादाने त्याला शिबिराला न पाठवता सांगलीत हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. गुडघ्यातला लिगामेंट अर्धा फाटलेला निघाला. आणखी खेळला असता तर पूर्ण जाणार होता, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करायचं ठरलं. आमचे हे घरात सगळ्यांना सांगत सुटले, "हिने ओळखलं, बरं का, व्हिडिओवरून!" जणू तक्त्यात एक रकाना राहिला होता आणि तो मी भरून दिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भाच्याचा मेसेज आला. "आत्या, तुझं बरोबर होतं. पण मला एकट्याला फोन केला असतास तर मी तुला सगळं सांगितलं असतं. निवड झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांना दाखवणार होतो. आता तो संघ पुन्हा बोलावणार नाही."

निव्वळ वेडेपणा होता तो. असे संघ नवख्या पोरांचे गुडघे दुरुस्त करत बसत नाहीत, घरी पाठवतात. पण ते त्याला मी सांगायचं होतं, त्याला एकट्याला, शुक्रवारी संध्याकाळी. चार लोकांसमोर त्याचा गुडघा उघडा करून मी काय मिळवलं? एक "जबरदस्त". त्या तिघांना आयुष्यभर नावं ठेवीन, ती त्यांची लायकीच आहे. पण त्यांनी नुसता तक्ता चुकवला. पोराचा घोटा धरून त्याला आडवं मी केलं.

मी तीनदा फोन केला. त्याने उचलला नाही. सणाला दादाशी बोलायचे तेव्हा तो घरात नसायचा. आठ महिने असेच गेले.

परवा दुपारी फोन वाजला. त्याचा व्हिडिओ होता, अर्ध्या मिनिटाचा, खाली एक शब्द नाही. कॉलेजचं रिकामं मैदान. समोर कोणी नाही. तो मध्यरेषा ओलांडून आत गेला, बोनस रेषेवर पाय टेकला, थोडा नाचला आणि परत फिरला.

ह्यांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. "यात पॉइंट कुठंय? रिकामीच गेली की."

मी पुन्हा लावला. परत फिरताना तो उजव्या पायावर वळला होता. सगळं वजन त्याच्यावर टाकून, अगदी सहज. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

"काय झालं? बरा झाला म्हणायचा," हे म्हणाले. "फॅमिली ग्रुपवर टाक ना, सगळे बघतील. शेठनाही पाठवतो."

"नाही," मी म्हटलं. "मला एकटीला पाठवलाय त्याने."