दत्तोपंतांच्या मोटरीचा मागचा आवाज

माणसांभोवती किस्से जमतात. आमच्या आदिलाबादेत ते एका मोटरीच्या मागच्या चाकांभोवती जमले! एक सांगायला बसावं तर ऐकणारा म्हणतो, "आन तो म्हशीचा?" आणि त्या नादात मला तिसराच आठवतो.

निजामाचं राज्य होतं. मी दत्तोपंत वकिलांच्या हाताखाली नवा नवा ज्युनियर. त्यांची मोटर जुनी, बऱ्याच मालकांच्या हातून फिरून आलेली. एक दिवस तिच्या मागून आवाज सुरू झाला. कुईं... कुईं... खट्! ड्रायव्हर युसूफभाईंनी चाकं काढली, स्प्रिंगा पाहिल्या, तेल पाजलं. आवाज जिथल्या तिथे.

* * *

शेवटी साहेबांनी युसूफभाईंची उलटतपासणीच घेतली.

"आवाज खड्ड्यात येतो?"

"जी."

"सपाट रस्त्यावर?"

"जी."

"आणि गाडी उभी असताना?"

"नहीं साब."

साहेब विचारात पडले. युसूफभाई अदबीने म्हणाले, "तो फिर खड़ीच रखेंगे?"

मुद्दा बिनतोड होता. त्या दिवशी साहेब अदालतीत पायी गेले.

* * *

मग ठरलं की आवाज डावीकडचा की उजवीकडचा, हे कुणीतरी मागे डिक्कीत बसून ऐकायचं. कुणीतरी म्हणजे मी! डावीकडून आला तर एक ठोका, उजवीकडून आला तर दोन.

नार्नूरच्या रस्त्याने निघालो. मी आत अंगाची घडी करून ऐकून राह्यलो होतो. मध्येच गाडी थांबली. मला वाटलं, साहेब निकाल ऐकायला थांबले. मी जोरात दोन ठोके दिले.

बाहेर समोरून आलेले तहसीलदार उभे होते. ते दचकले. "अंदर कौन है?"

"हमारे ज्युनियर हैं," साहेब म्हणाले.

तहसीलदारांनी मागची रिकामी सीट नीट न्याहाळली आणि शांतपणे विचारलं, "तरक्की होगी तो सीट पर बिठाएँगे?"

* * *

भैंसा गावच्या कापसाच्या जिनिंगमधल्या फिटरचं म्हणणं वेगळं. "मांगं भार टाका. वजनानं आवाज दबते."

मागच्या सीटवर सरकीची पोती चढली. आणि खरंच आवाज दबला! साहेब खूश. पण थोडं पुढे गेल्यावर युसूफभाई म्हणाले, "साब, वो आवाज गया, पर दूसरा आया."

मागे वळून पाहतो तर घंटा वाजवत म्हशी! एक पोतं फाटून सरकी रस्त्यावर सांडत होती आणि सगळा कळप ती वेचत मोटरीमागे चालला होता. त्यांच्या मागे म्हशीवाला धावत होता आणि ओरडत होता,

"ओ वकीलसायेब! माह्या म्हशी घेऊन कुठं चालले?"

* * *

एकदा आवाज आपोआप बंद झाला. साहेब शीळ घालत घरी आले, तर चूल थंड!

"स्वयंपाक काऊन नाही?"

साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "मले काय माहीत तुमी आले ते? मोटर वळणावर कुईंकुईं करते, तवा मी तवा ठेवते."

साहेबांनी सकाळची भाकर कांद्यासोबत खाल्ली. पुढच्या आठवड्यात आवाज परत आला, तेव्हा त्या घरात कुणी कुरकुर केली नाही.

* * *

आणि तो घाटातला.

निर्मळच्या अदालतीत पेशी होती. नेरडीगोंड्यापाशी एक म्हातारी हात पसरून रस्त्यात आडवी आली. "सून अडली हो सायेब! कालपासून कळा देऊन राह्यली. बैलगाडी सांजेपर्यंत पोचत नाही."

सासू-सून मागे. मधे साहेबांच्या उपरण्याचा पडदा. पुढे आम्ही तिघं दाटीवाटीने, नजर सरळ रस्त्यावर.

घाटात मागून म्हातारी ओरडली, "थांबवा!"

युसूफभाईंनी एका सागाखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं. सून एकदा मोठ्याने किंचाळली. मग काहीच नाही. बाळाचा आवाज नाही.

कुणी मागे वळून पाहिलं नाही. साहेबांनी माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं. युसूफभाईंचे ओठ हलत होते. मागे चापट मारल्याचा आवाज झाला. "रड वं माय," म्हातारी म्हणाली. पुन्हा चापट. "रड ना वं!"

आणि मग बारीकसा, चिरका आवाज आला.

"पोरगी हाय," म्हातारी म्हणाली. "सूनबी धड हाय. चाला आता."

साहेबांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. युसूफभाई हँडल मारायला उतरले, ते बराच वेळ बॉनेटच्या आडच राहिले. मोटर सुरू झाली. हळूहळू घाट उतरू लागलो. कुईं... कुईं... खट्!

उपरण्यामागून म्हातारीने दरडावलं,

"वकीलसायेब, थे कुईंकुईं बंद करा बरं! पोरगी आत्ताच निजली हाय."