खारदांड्याच्या भिंतीवरचा फोटो आणि माझ्या फ्लॅशचा डाग

एकाच फोटोसाठी मी मुलुंडहून खारदांड्याला दोनदा गेले. पहिल्यांदा गेले ते माझ्याच मस्तीत, म्हणून दुसऱ्यांदा जावं लागलं.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कोकणातून गिरणीत कामाला आले तेव्हा काही महिने खारदांड्यात एका कोळी मित्राच्या घरी राहिले. दोघांनी स्टुडिओत जाऊन एक फोटो काढला. आजोबांचा जगात तेवढा एकच. आई सहा महिन्यांची असताना ते गेले. तिने वडिलांचा चेहरा कधी पाहिलाच नाही. मी कामगारांच्या सभांत बोलते; अशाच एका सभेत आजोबांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या मित्राची सून, हिरामावशी, मला भेटली आणि म्हणाली, "तुझ्या आज्याचा फोटो आमच्या भिंतीवर हाय." आईचा एक डोळा आता गेलाय. दुसऱ्याबद्दल डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत. जिने उतरणं तर कधीच बंद झालंय. तेव्हा फोटोच तिच्याकडे आणायचा, असं ठरलं.

मागच्या महिन्यात संध्याकाळी गेले. घरात शेजारपाजारचे जमले, आणि समोर चार माणसं दिसली की मला बोलायला लागतं! गिरण्या कुणाच्या घामावर चालल्या यावर मी अर्धा तास बोलले आणि निघता निघता फटकन फोटो काढला. घरी येऊन पाहते तर काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा. मित्र स्वच्छ दिसत होता, आजोबांच्या जागी नुसता उजेड. आईला वाटलं, स्क्रीनवर काही लागलंय. तिने अंगठ्याने पुसलं. फोटो सरकला आणि पुढचा आला. एका सभेतला, माईक हातात घेतलेली मी.

"ही तर तूच," आई म्हणाली. एवढंच.

शेजारची अश्विनी मदतीला धावली. "काकी, वाट लागली म्हणून काय झालं? ॲप आहे ना, डाग काढून टाकते." दोन मिनिटांत डाग गेला आणि तिथे एक देखणा पुरुष आला. झुपकेदार मिशी, टपोरे डोळे. आईने मोबाइल डोळ्याजवळ धरला आणि मला विचारलं, "मिशी होती का गं त्यांना?"

त्या प्रश्नाने मी पेटले. ज्या माणसाला या शहराने ना नाव दिलं ना घर, त्याचा चेहराही आता यंत्राने अंदाजाने ठरवायचा? आणि त्याची मुलगी त्याला बाप म्हणून हात जोडणार? मी तो फोटो पुसून टाकला. अश्विनी फणकारली, "छान तर दिसत होता!" छान होता. पण तो कुणीच नव्हता.

म्हणून परवा सकाळी पुन्हा निघाले. तुम्हाला जायचं असेल तर सकाळीच जा. दांड्याची घरं समुद्राकडे तोंड करून आहेत, दुपारनंतर ऊन थेट दारातून आत येतं. मुलुंडहून बसने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, तिसेक रुपये. पुढे रिक्षा, दीडशेच्या आसपास. मेट्रोत शेजारी दोन कॉलेजच्या मुली सेल्फी काढत होत्या. "फ्लॅश बंद कर ना यार, भूत दिसतेय मी!" "तू तशीच आहेस गं." मी मान वळवून हसले. महिन्याभरापूर्वी या दोघी भेटल्या असत्या तर!

किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते. हिरामावशी दारातच बसली होती.

"काय गं बाय, परत भाषान?"

"नाही मावशी. आज तोंड बंद."

"बघू किती येळ!"

फोटो खाली उतरवता आला असता तर काम सोपं होतं. पण त्यांच्याकडे मोठ्यांचे फोटो वर्षातून एकदाच, नारळी पौर्णिमेआधी घर रंगवताना उतरवतात. मी आग्रह केला नाही. जिथे आहे तिथेच काढायचा.

पहिली गोष्ट, फ्लॅश बंद. फ्लॅश हा आळशी माणसाचा उजेड आहे, हे माझं आता ठाम मत झालंय. तो समोरच्याला दाखवत नाही, काचेवर आपटून आपल्याच तोंडावर परत येतो. मग ट्यूबलाइट बंद केली, कारण तीही काचेत आडवी पडली होती. कोरड्या फडक्याने काच पुसली. तरी फोटोत एक पांढरं भूत उभंच. मावशी खो खो हसली.

"अगं, तुझी साडी ती! सभेला शोभते पांढरी, हितं कशाला?"

तिने कपाटातून जाड काळी चादर काढली आणि डोक्यापासून मला गुंडाळलं. फक्त मोबाइल बाहेर. दार अर्धं लोटलं, उजेड एका बाजूने येऊ दिला. मी जरा तिरकी उभी राहिले, खुर्चीच्या पाठीवर कोपरं टेकवली, स्क्रीनवर आजोबांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि श्वास रोखला. तिरका आलेला फोटो क्रॉप करताना मोबाइलमध्येच सरळ करता येतो. सात-आठ काढले आणि प्रत्येक तिथेच मोठा करून पाहिला.

काळ्या चादरीच्या आत मी आजोबांना पहिल्यांदा पाहिलं. मिशी नव्हती. कान मोठे, गालावर देवीचे व्रण. आणि डोळे मिटलेले.

"मावशी, डोळे..."

"तर काय! सासरा सांगायचा ना. फोटोवाल्याने भक्कन उजेड केला नि हा बिचारा दचकला. दुसरा काढायला पैसं कुनाकडं व्हतं?"

मागच्या वेळी याच भिंतीसमोर मी अर्धा तास उभी होते. बोलत होते, म्हणून हे दिसलं नाही.

मावशीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि तळलेले ओले बोंबील. पण जेवताना मी मोबाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. ज्या मुलीने बापाला पाहिलं नाही तिला मी मिटलेले डोळे नेऊन दाखवणार होते. क्षणभर, खरं सांगते, अश्विनीचं ॲप आठवलं. टपोरे डोळे बसवायला किती वेळ लागतो? मेट्रोत अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत मी स्वतःशीच भांडत होते.

शेवटी फोटो होता तसाच घेऊन घरी आले. आईने मोबाइल हातात घेतला आणि म्हणाली, "ट्यूब बंद कर गं, चमकतंय." मी ट्यूब बंद करून खिडकी उघडली. तिने फोटो चांगल्या डोळ्याजवळ नेला. कान, गाल, सगळं एकेक करून पाहिलं. मी मध्ये बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, ते किती अवघड आहे.

"डोळे मिटलेत," शेवटी मीच म्हटलं. "उजेडाने दचकले म्हणे."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. मग माझ्या लक्षात आलं. तिच्या लग्नापासूनचा एकही फोटो असा नाही, ज्यात तिचे डोळे उघडे आहेत. ओळखपत्राच्या वेळी तर फोटोवाला चारदा ओरडला होता, "आजी, डोळे उघडा ना!" सगळ्या घराने तिची आयुष्यभर थट्टा केली.

"बघ," ती म्हणाली, "मी कुणावर गेले ते."