मॅनहोलच्या मापाचे उपास

माझे डोके आणि दोन्ही खांदे ड्रमच्या आत होते. उरलेला मी बाहेर होतो. पुढे सरकता येत नव्हते आणि मागे येणेही आता माझ्या हाती राहिले नव्हते. शेवटी फिटर मुनियप्पाने दोन्ही पाय धरून मला ओढून काढले. कपडे झाडीत उभा राहिलो, तेव्हा चीफ इंजिनिअर शेषाद्री शेजारीच होते. ते हसले नाहीत, हेच मला अधिक लागले.

ड्रम म्हणजे बॉयलरच्या वरच्या अंगाला असलेले लोखंडी पिंप. त्यात पाणी आणि वाफ एकमेकांपासून वेगळी होतात. ते आतून तपासण्यासाठी त्याच्या टोकाला एक भोक असते, त्याला मॅनहोल म्हणतात. ते लंबगोल असते, कारण त्याचे झाकण आतल्या बाजूने बसते. तिरपे केल्याशिवाय ते त्या भोकातून आत नेताच येत नाही. एकदा बसले की वाफेचा दाबच त्याला घट्ट धरून ठेवतो. रचना मोठी शहाणपणाची आहे. ती करणाऱ्याने माणूस मात्र सडपातळ गृहीत धरला होता.

शेषाद्रींशी माझे बोलणे इंग्रजीत होई. ते म्हणाले, "आज जोसेफला आत पाठवा. रिपोर्टवर सहीही त्यालाच करू द्या."

जोसेफ माझा असिस्टंट. मी म्हणालो, "त्याला अजून पुरता अनुभव नाही."

"पण तो मावतो."

जो आत जाईल त्यानेच सही करायची, हा आमच्या कारखान्याचा नियम होता आणि तो योग्यच होता. शेषाद्रींनी पुढचेही सांगून टाकले. जानेवारीत वार्षिक शटडाउन असे, म्हणजे बॉयलर थंड करून, उघडून पूर्ण तपासत. त्या वेळी मी आत गेलो तर बॉयलर हाऊस माझ्याकडे राहील. "नाही तर प्लॅनिंगमध्ये एक टेबल रिकामे आहे," ते म्हणाले. "तिथे पंखाही आहे."

सांगली सोडून मी बंगळूरला आलो तो या बॉयलरसाठी. त्याचा आवाज किंचित बदलला तरी मला चहाचा कप खाली ठेवावासा वाटे. प्लॅनिंगमध्ये बॉयलर कागदावर असतो, आणि कागद आवाज करीत नाही.

कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले: भात कमी, साखर कमी, तूप कमी. मला हा सल्ला संदिग्ध वाटला. कमी म्हणजे किती? माझ्या स्वभावाला नियम लागतो. म्हणून मी नियम असलेला मार्ग निवडला: उपास. सोमवार घरात पूर्वीपासून होताच. त्याला गुरुवार आणि शनिवार जोडले, शिवाय दोन्ही एकादश्या.

माझी पत्नी सुमती हिने हे व्रत माझ्यापेक्षाही निष्ठेने पाळले. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, गुरुवारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, शनिवारी बटाट्याचा कीस, आणि तोंड गोड व्हावे म्हणून शिंगाड्याचा शिरा. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाच्या पोटाला काही आधार हवा, असे तिचे म्हणणे. कँटीनमध्ये दुपारी सगळे साराचा भुरका मारीत असता मी डबा उघडी. "आज कुठला देव?" असे जोसेफ विचारी, आणि खिचडीचा वाटा मागून घेई. तो मात्र मावतच राही.

प्रगती मोजण्यासाठी मी पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या लाकडी साच्यांच्या खात्यात, मॅनहोलच्या मापाची प्लायवूडची चौकट करवून घेतली होती. रविवारी आंघोळीनंतर मी हात वर करून उभा राही आणि सुमती स्टुलावर चढून ती चौकट माझ्यावरून खाली उतरवू पाही. पहिल्या रविवारी ती पोटावर अडली. दिवाळीनंतर ती त्याच्याही वर, छातीखालीच अडू लागली.

तशाच एका रविवारी आमच्या घरमालकीण गंगूअक्का भाड्याच्या घराचा नळ पाहायला आत आल्या. त्यांचे घराणे चामराजपेटेत किती पिढ्यांपासून आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांच्या मराठीत कानडी मुरलेले होते.

"ही कसली पूजा हो, अण्णा?" त्यांनी विचारले.

सुमतीने संकोचत सारे सांगितले. उपासाला काय करता, असे अक्कांनी विचारताच तिने तेही वारांनुसार सांगितले.

"एवढं आमच्यात लग्नाला करतात," त्या म्हणाल्या. "उपास सोडा, अण्णा. रोज स्वल्प जेवा. सरी ना?"

त्या गेल्यावर सुमतीने चौकट भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "मग मी काय तुम्हाला खरेच उपाशी ठेवायचे होते?"

तिचा दोष नव्हताच. भट्टीत कोळसा जास्त टाकला आणि वाफ कमी वापरली, तर दाब चढतो, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी शिकवीत असे. कोळसा कोणत्या वारी टाकला, याला त्या हिशेबात जागा नाही.

उपास सुटले. दुपारी वाटीभर भात आणि भाजी, संध्याकाळी एक रागीमुद्दे. नाचणीला इथे रागी म्हणतात. तिच्या पिठाचा शिजवून केलेला हा गोळा चावायचा नसतो, साराबरोबर गिळायचा असतो. सुमती तो अक्कांकडून शिकली. सुरुवातीला त्यात गुठळ्या राहत आणि आम्ही दोघे त्या मुकाट्याने गिळत असू. सण नाही, उपास नाही, सगळे दिवस सारखे. हेच सर्वांत जड गेले. उपासाला निदान संपण्याची वेळ असते. दुपार कलली की कँटीनमधून उद्दिनवड्यांचा, म्हणजे उडदाच्या वड्यांचा, वास येई आणि मला उगाचच थकल्यासारखे होई. यशवंतपूरच्या कारखान्यातून परतताना मी दोन स्टॉप आधी उतरून चालत असे. चालण्यात काही आनंद नव्हता.

शटडाउनच्या आदल्या रविवारी चौकट पोटावर क्षणभर थांबली, आणि सुमतीने दाबल्यावर खाली उतरली.

जानेवारीत मी दोन्ही हात पुढे करून, श्वास सोडून ड्रममध्ये शिरलो. शर्टाचे एक बटण बाहेरच राहिले. आत पत्रे जोडणारे रिव्हेट हातोडीने ठोकून पाहत गेलो. घट्ट रिव्हेट खणखणीत बोलतो, सैल झालेला बद्द बोलतो. दोन बद्द निघाले. मी जोसेफला मागून आत बोलावले आणि त्याचा हात धरून तेच रिव्हेट त्याला ठोकायला लावले. पहिल्यांदा त्याला फरक कळला नाही. तिसऱ्यांदा कळला.

बाहेर येताना मुनियप्पा माझ्या पायांशी तयार उभा होता. त्याची गरज पडली नाही. त्याला थोडे वाईट वाटलेले दिसले.

मी रिपोर्टवर सही केली. शेषाद्रींनी ती पाहून विचारले, "आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी सही जोसेफ करील. त्याच्यामागून आत मी जाईन, मावलो तर."

"ठीक आहे. ते टेबल मी दुसऱ्या कुणाला देतो."

घरी सुमतीने आनंदाने साबुदाण्याची खिचडी केली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी वाटीभर खाल्ली आणि त्या संध्याकाळचे रागीमुद्दे सोडून दिले.

बॉयलर थंड करून उघडता येतो. माणसाला शटडाउन मिळत नाही; त्याची दुरुस्ती भट्टी पेटती ठेवूनच करावी लागते, आणि ती संपत नाही. चौकट अजून आमच्या दारामागे टांगलेली आहे. काही रविवारी मी तिच्यातून जातो. काही रविवारी तिच्याकडे पाहत नाही.